ज्या दसऱ्याला रमाबाई नागपूरला गेल्या नाहीत

रमाबाई पाणी मारायच्या. साइटवर त्यांची ओळख एवढीच होती. गवंड्याला नावानं हाक मारतात, सुताराला मारतात, माझ्यासारख्या सळया बांधणाऱ्यालाही मारतात. पाणी मारणाऱ्या बाईला 'ए तराईवाली' म्हणत. नवं सिमेंट ओलं ठेवायच्या कामाला दिल्लीकडे तराई म्हणतात.

हे काम हलकं समजतात. मी आयुष्यभर लोखंड उचललं आणि वाकवलं, त्या अनुभवावरून सांगतो, हलकं नाही. स्लॅब टाकला की त्यावर मातीचे बांध घालून वाफे करायचे, शेतात करतात तसे, आणि ते पाण्यानं भरलेले ठेवायचे. पंधरवडाभर वाफा कोरडा पडता कामा नये. वरून स्लॅब वाळलेला दिसतो, आत सिमेंट अजून पाणी मागत असतं. नाही मिळालं तर तडे जातात. मोटर असली तर पाइप धरून काम होतं. पण नव्वदनंतरच्या त्या वर्षांत नोएडाच्या बाजूला सोसायट्या भराभर उगवत होत्या आणि वीज मात्र मनाला येईल तेव्हा यायची. मग हातपंप हापसायचा, बादली भरायची, बांबूच्या शिडीवरून वर न्यायची, ओतायची आणि पुन्हा खाली. चढताना एक हात शिडीला, एक बादलीला. सांडलेलं पाणी कामात धरायचं नाही, असं रमाबाई म्हणायच्या. वर पोचलं तेवढंच पाणी.

त्या मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, दिग्रसकडच्या. माझं गाव तिथून जवळच. नवरा बबन मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या फाटकावर चौकीदार होता. पूर्वी गोण्या उचलताना त्याच्या पाठीत लचक भरली, तेव्हापासून जड काम बंद. बोलायचं काम मात्र त्यानं कधी बंद ठेवलं नाही.

रमाबाई सालं लक्षात ठेवायच्या ती दसऱ्यानंतरच्या हवेवरून. उन्हाळा आणि पावसाळा काय करणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण दसऱ्यापासून थंडीपर्यंत हवा काय करील याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. एका साली पाऊस संपला म्हणून सिमेंटच्या गोण्या उघड्यावर लावल्या. दिवाळीच्या तोंडावर असा पाऊस कोसळला की गोण्यांचे धोंडे झाले. ते धोंड्यांचं साल. एका साली लोकांनी स्वेटर पेटीतून काढायच्या आत कडाका पडला. सकाळी वाफ्यात उतरताना रमाबाई पायांना गोणपाट बांधायच्या. ते गोणपाटाचं साल. पुढं पुढं धुराची सालं आली. दिवाळीनंतर आठवडा आठवडा सूर्य पितळेच्या ताटलीसारखा दिसायचा, आणि शिडी चढताना पायांच्या आधी छाती थकायची.

आणि एक साल होतं, त्याला रमाबाई शेवंताचं साल म्हणतात. त्याचीच ही हकीकत आहे.

शेवंता ही त्यांची थोरली बहीण. छप्पन्न साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्यांचा बाप दोन्ही पोरींना घेऊन चालत गेला होता. वाटेत त्यानं बजावलं होतं, हरवलात तर हलू नका, जिथं असाल तिथं उभ्या राहा. गर्दीत शेवंताचा हात सुटला. ती एका शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. लोकांनी भाकरी दिली, बरोबर चल म्हणाले, मुलगी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप आला तेव्हा ती तिथंच होती, फाटकाचा गज धरून.

पुढं दोघींची लग्नं झाली. एक दिल्लीला आली, एक पुसदच्या बाजूला गेली. आईबाप गेल्यावर भेटायला घर उरलं नाही. मग त्यांनी ठरवलं, दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचंच असतं, तर त्याच फाटकाशी भेटायचं. आधी येईल तिनं दुसरी येईपर्यंत हलायचं नाही. वर्षातून अर्धा दिवस. शिदोरी सोडायची, एकमेकींच्या पोराबाळांचं ऐकायचं, संध्याकाळी शेवंता गावच्या ट्रकमध्ये बसायची आणि रमाबाई आमच्याबरोबर गाडीत. मी दरवर्षी त्या जथ्यात असायचो, म्हणून मला शेवंताबाई ठाऊक होत्या. शेवंताच्या सालाच्या आदल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रमाबाईंचा चेहरा त्यांनी हातानं चाचपला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी लांबूनच आवाज दे, मला दिसायची नाहीस.

शेवंताच्या साली आमच्या लोकांनी वस्तीत विहार बांधायला घेतला. आमचे लोक म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातून आलेले. कुणी सरकारी कचेरीत, कुणी शाळेत, कुणी माझ्यासारखे बांधकामावर. समितीचे अध्यक्ष अशोकराव केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होते. सळया मी बांधल्या. भिंती गवंड्यांनी रविवार-रविवार करून चढवल्या. दसऱ्याच्या आधी स्लॅब टाकायचा, मग नागपूरला जायचं, येताना तिथून बोधिवृक्षाचं रोप आणायचं आणि दारात लावायचं, असं ठरलं. सगळ्यांना ते फार आवडलं.

चूक आमच्याच लोकांनी करावी अशी होती. दुसऱ्या कुणी स्लॅब टाकून सगळ्यांनी एकदम गाव सोडलं नसतं. पण आमचा दसरा म्हणजे नागपूर. विहारावर जीव असलेला प्रत्येक जण गाडीत बसणार होता. मागे पाण्याला कोण, हा प्रश्न बैठकीत निघाला, नाही असं नाही. वाफे काठोकाठ भरून जाऊ, आपण येईपर्यंत पुरेल, असं सांगितलं गेलं. सांगणाऱ्या रमाबाईच होत्या. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. रामलीला सुरू झाली की दिल्लीत पंखे मंद व्हायचे, पहाटे दव पडायचं, वाफ्यातलं पाणी हटायचं नाही. गावाकडे ऑक्टोबर भाजून काढतो हे आम्ही लहानपणापासून जाणत होतो. दिल्लीत इतकी वर्षं राहून ते विसरलो.

त्या साली दव पडलंच नाही. स्लॅब टाकला आणि पश्चिमेचा कोरडा वारा सुटला. मे महिन्यात सुटतो तसा, फक्त दिवस लहान. रावणाच्या पुतळ्यांचा कागद वाऱ्यानं फाटत होता. दुकानदारांनी गुंडाळून ठेवलेले कूलर पुन्हा बाहेर काढले.

बहुतेक लोक आदल्या दिवशीच्या गाडीनं गेले होते. शेवटच्या जथ्यात आम्ही थोडेच उरलो होतो: अशोकराव आणि त्यांची म्हातारी आई, लेकुरवाळ्या बाया, मी आणि रमाबाई. सकाळी विहारापाशी जमायचं होतं. मी गेलो तर रमाबाईंची पत्र्याची पेटी खाली आणि त्या वर, स्लॅबवर. आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरलेले वाफे अर्ध्यावर आले होते. बांधांना भेगा पडल्या होत्या. दुपारपर्यंत सगळं कोरडं पडणार हे सांगायला गवंडी लागत नव्हता.

शेजारच्या साइटवर कुणी मिळतं का ते पाहिलं. सणामुळे साइट बंद, मजूर गावी. बबनची ड्यूटी होती आणि पाठ होती ती होतीच.

रमाबाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या की त्या येत नाहीत.

अशोकराव लगेच म्हणाले, मी थांबतो, तुम्ही निघा. रमाबाईंनी त्यांच्या हातात भरलेली बादली दिली. अशोकराव शिडीच्या मध्यापर्यंत गेले. तिथं थांबले, बादली पायरीवर टेकवायला गेले आणि निम्मं पाणी स्वतःच्या शर्टावर घेतलं.

"साहेब, तुम्ही थांबलात तर मला कामं दोन," रमाबाई म्हणाल्या. "वाफे आणि तुम्ही."

बाया हसल्या. अशोकरावही हसले. पण उतरताना त्यांचा चेहरा उतरला होता, कारण फाटकाची गोष्ट त्यांनाही माहीत होती.

मग मी म्हटलं, मी थांबतो. माझ्यानं झालं असतं. रमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पाणी पुरेल असं मी म्हटलं होतं, दामूभाऊ. तुम्ही नव्हतं म्हटलं."

त्या पुढं म्हणाल्या, शेवंताला या सगळ्यांत तुम्हीच ओळखता. ती फाटकाशी उभी राहील. तिचा ट्रक निघून गेला, रात्र झाली तरी हलायची नाही. आणि आता तिला दिसतही नाही. कुणीतरी जाऊन सांगायलाच हवं. एवढं बोलून त्यांनी पेटी उघडली, शेवंतासाठी घेतलेलं लुगडं आणि डब्यातल्या दशम्या माझ्या हातात दिल्या, आणि पंपाकडे गेल्या. निरोप काय द्यायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बबन तेवढ्यात ड्यूटीवर जाता जाता आला. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हिनं वर शिडीवर सासर करून घेतलंय. बहिणीला भेटायचीसुद्धा सुट्टी नाही." पण मला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं की शेवंताबाईंना नीट सांग, नाहीतर त्या समजतील ही मेली आणि आपण लपवतोय.

गाडीभर मी तेच घोळवत होतो. बहीण आजारी आहे म्हणणं सोपं होतं. पाण्यासाठी राहिली, हे सांगणं अवघड.

दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चालावं लागत नाही, गर्दी नेते. मी लुगडं छातीशी धरून कडेकडेनं फाटकापर्यंत पोचलो. शेवंताबाई होत्या. भिंतीला पाठ, पांढरं लुगडं, मांडीवर गाठोडं. पावलं जवळ आली की मान वळवायच्या, आवाज ओळखीचा नसला की परत सरळ करायच्या. हे मी जरा वेळ लांबून पाहिलं. मग जवळ गेलो आणि जयभीम घातला.

"कोन हाय?"

मी नाव सांगितलं.

"रमी कुठं हाय?"

मी जसं झालं तसं सांगितलं. स्लॅब, वारा, वाफे. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मेली त नाही ना? खरं सांगजा."

"नाही. पाणी मारून राहिली आहे."

"एकटी?"

"एकटी. बबन ड्यूटी संपल्यावर हापसा मारतो म्हणालाय."

"त्याची पाठ?"

"तशीच आहे."

समोरून घोषणा देत माणसं जात होती. मला वाटलं रडतील किंवा बहिणीला बोल लावतील. बोल त्यांनी लावला. माणूस बहिणीला सोडून सिमेंटापाशी बसतं का, असं म्हणाल्या. मी म्हटलं, विहाराचं आहे. त्या म्हणाल्या, विहार काय पळून जात होता? मी म्हटलं, नाही, पण तडा गेला असता. मग मी रमाबाईंनी दिलेलं लुगडं आणि दशम्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. लुगड्याचा काठ बोटांनी चाचपून पाहिला, रंग कोणता आहे विचारलं, मी निळा म्हणालो. एक दशमी मोडून मला अर्धी दिली.

मग म्हणाल्या, "बाप काय म्हने, ठाऊक हाय? हरवलं त हलू नका म्हने. रमीच्या ध्यानात तेवढंच राहिलं. त्याच्या पुढं तो म्हने, मी येतो."

त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली आणि भिंतीला धरून उठल्या.

"ते हलत नाही न? मंग मीच येते."

त्यांच्या गावचा ट्रक आम्ही शोधून काढला. गावच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, अन् परत कशी येशील? त्या म्हणाल्या, ज्यानं नेलं तो आणून सोडेल. म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं, पण नाही म्हणायला जागाही ठेवली नव्हती.

परतीच्या गाडीत अशोकरावांनी आपली खिडकीची जागा त्यांना दिली आणि स्वतः दाराशी पेटीवर बसले. रोपाची कुंडी त्यांच्या मांडीवर. शेवंताबाई मधूनमधून हात खिडकीबाहेर काढून हवा पाहायच्या. सकाळी आग्रा मागे पडल्यावर त्यांनी हात आत घेतला आणि म्हणाल्या, ही त भट्टी हाय, हिच्यात ते पोरगी पाणी भरते? पोरगी म्हणजे रमाबाई. तेव्हा त्यांना नातू होता.

विहारापाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रमाबाई वर होत्या. चेहरा काळवंडलेला, तळहातांना चिंध्या बांधलेल्या. खाली बबन पाठीला पट्टा आवळून हापसा मारत होता. आमच्याकडे पाहून तो थांबला, पण बोलला नाही. तो गप्प बसलेला मी तेव्हाच पाहिला.

शेवंताबाईंनी खालून हाक मारली. "रमे."

वर बादलीचा आवाज थांबला. मग रमाबाई काठाशी आल्या. खाली पाहिलं. एका हातानं तोंड पुसलं.

"पाय धुऊन वर ये," त्या म्हणाल्या. "वाफ्यात माती नको."

मी शिडी धरली. शेवंताबाई एकेक पायरी चाचपत चढल्या. वर जाऊन दोघी बांधावर बसल्या, पाय पाण्यात सोडून. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी खाली होतो. पाणी गरम असल्याची शेवंताबाईंची तक्रार तेवढी ऐकू आली.

बबननं मला मागचं सांगितलं. दसऱ्याच्या सकाळी रमाबाईंनी आधी सगळे वाफे भरले. मग हातपाय धुतले, पेटीतलं पांढरं लुगडं नेसल्या, वर जाऊन पाण्यात उभ्या राहिल्या आणि दक्षिणेकडे तोंड करून एकट्यानं त्रिशरण म्हटलं. लगेच लुगडं बदलून बादली घेतली. बबन सांगत होता, मी म्हटलं आज तरी जरा बस, तर म्हणते वारा कुठं बसलाय?

शेवंताबाई वाफे मोडायच्या दिवसापर्यंत राहिल्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण बांधावरून हात फिरवत जायच्या आणि कुठल्या वाफ्यात पाणी उतरलं ते सांगायच्या. फुटलेला बांध ओल्या मातीनं लिंपायच्या. बादली रमाबाई कुणाला देत नसत. नागपूरहून परतलेली पोरं आता मदतीला आली होती, त्यांना पंपावर लावलं. दोघी बहिणी दिवसभर वर. अर्ध्या दिवसाची भेट त्यांना पुरायची, आता बोलायला इतका वेळ होता की भांडायलाही वेळ मिळाला. भांडण ऐकू यायचं. बापाची आठवण एकीची एक आणि दुसरीची दुसरी. त्यानं कुणाला जास्त खांद्यावर घेतलं यावरून दोघी एक अख्खी सकाळ बोलल्या नाहीत.

मुदत भरल्यावर आम्ही खालचे टेकू काढले. मी हातोडीनं स्लॅब खालून ठोकत गेलो. आवाज सगळीकडे भरीव आला. एका कोपऱ्यात केसासारखी चीर होती, पहिल्या दुपारची. ती रमाबाईंनी मला बोट लावून दाखवली. मी म्हटलं, याला काही होत नाही. खरंच होत नाही. तरी त्या जेव्हा विहारात येतात तेव्हा बसण्याआधी त्या कोपऱ्याकडे एकदा पाहतात.

अशोकरावांनी धावपळ करून शेवंताबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात करून घेतलं. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि विचारलं, तू एवढी काळी कधी झाली वो? मग मी त्यांना गावी नेऊन सोडलं, कारण तसं ठरलेलं होतं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं दोघी फाटकाशीच भेटल्या. हवेनं पुन्हा खूप रंग दाखवले. दारातलं रोप आता विहारापेक्षा उंच आहे. धुराच्या दिवसांत त्याची पानं पुसावी लागतात. नव्या साइटवर आता पाण्याऐवजी स्लॅबवर काहीतरी फवारतात. तेही चालत असेल. रमाबाईंचं काम सुटलं, माझंही. बबन तीन-चार हिवाळ्यांपूर्वी धुराच्याच दिवसांत गेला.

शेवंताबाई त्याच्या आधी गेल्या. त्या वर्षी वाटलं होतं की रमाबाई आता नागपूरला यायच्या नाहीत. आल्या. अजून येतात. गुडघे चालत नाहीत, म्हणून रिक्षानं शक्य तिथपर्यंत नेतो. वंदना झाली की त्या फाटकाकडे जातात आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात. फाटक आता लोखंडी पत्र्याचं आहे, धरायला गज नाही. गाडीची वेळ होत आली की जथ्यातली पोरं मोबाइलवर त्यांना फोन लावतात. त्या उचलत नाहीत.

मग मी जातो.